दार उघडे कोणी ठेवले होते? व्हायरस, स्पॅम आणि पॉप-अप यांचा इतिहास

#इतिहास_थ्रेड

१/
११ ऑगस्ट २००३. जगभरातील अगणित संगणकांच्या पडद्यावर एक छोटी चौकट उमटू लागली. संगणक बंद होत आहे, हातातील काम जतन करून ठेवा, अशा अर्थाचा मजकूर आणि त्याखाली साठ सेकंदांची उलटी मोजणी. साठ सेकंद सरले की यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. पुन्हा इंटरनेट जोडावे, तर थोड्याच वेळात पुन्हा तीच चौकट.

२/
या आपत्तीचे नाव 'ब्लास्टर'. तांत्रिक परिभाषेत हा व्हायरस नव्हे, वर्म. व्हायरसला पसरण्यासाठी दुसऱ्या फाइलचा किंवा डिस्कचा आधार लागतो. वर्म स्वतःच्या पायांनी जाळ्यातून एका यंत्राकडून दुसऱ्याकडे चालत जातो. (मराठीत 'वर्म' म्हणजे मर्मस्थान. योगायोग आहे, पण अर्थाला चपखल बसणारा.) ज्यांच्या संगणकात ब्लास्टर शिरला त्यांतील बहुतेकांनी कोणतीही संशयास्पद फाइल उघडली नव्हती, कोणत्याही दुव्यावर टिचकी मारली नव्हती. संगणक इंटरनेटला जोडलेला असणे एवढाच त्यांचा अपराध.

३/
आता या कथेतील विलक्षण भाग. ब्लास्टरला घरगुती संगणकाच्या उंबऱ्यावरच अडवू शकेल अशी भिंत, म्हणजे फायरवॉल, विंडोज एक्सपीमध्ये ऑक्टोबर २००१ पासून, त्या प्रणालीच्या जन्मापासूनच होती. ग्राहकाने तिचे मोलही भरले होते. फक्त ती बंद करून दिलेली होती. ती चालू करण्याची खूण मांडणीच्या दोन-तीन पडद्यांआड दडलेली असल्यामुळे, भिंत घरात आहे हेच बहुतेकांना ठाऊक नव्हते.

४/
यंत्र खोक्यातून बाहेर काढताच ज्या अवस्थेत असते, तिला आपण 'डिफॉल्ट' म्हणतो. व्हायरसचा इतिहास बहुधा खलनायकांच्या चरित्रांसारखा सांगितला जातो. कोणी एक विक्षिप्त विद्यार्थी, एक रात्र, आणि हतबल जग. ती चरित्रे रंजक आहेत, त्यांतील काही याही थ्रेडमध्ये येतील. परंतु चोर कोण होता याइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो तो म्हणजे दार उघडे कोणी ठेवले होते. हा थ्रेड त्या दारांचा आहे.

५/
प्रारंभ १९७५ पासून करू. इंटरनेटचे पूर्वरूप असलेले आर्पानेट तेव्हा अमेरिकेतील मोजक्या विद्यापीठांना, संशोधनसंस्थांना आणि लष्करी केंद्रांना जोडत असे. या जाळ्याचे नियम क्रमांक दिलेल्या टिपणांतून ठरत. नोव्हेंबर १९७५ मधील ७०६ क्रमांकाचे टिपण जॉन पोस्टेल या तरुण शास्त्रज्ञाने लिहिले. लांबी जेमतेम एक पान. विषय : नको असलेले टपाल.

पोस्टेल यांचा मुद्दा साधा होता. आलेला संदेश नाकारण्याची सोयच या जाळ्यात नाही. एखादे यंत्र बिघडून किंवा मुद्दाम संदेशांचा भडिमार करू लागले, तर समोरच्याला तो सर्व मुकाट्याने घ्यावा लागेल. म्हणून त्रासदायक वाटणाऱ्या यंत्राकडून येणारे संदेश नाकारण्याची मुभा असावी.

स्पॅम हा शब्द या अर्थाने जन्मण्याच्या कितीतरी आधीचे हे निदान. त्यावर फारसे काही झाले नाही. जाळ्यातील माणसे एकमेकांना ओळखत होती. ओळखीच्या वाड्यात कडी कोण लावतो?

६/
अडीच वर्षांनी, ३ मे १९७८ रोजी, वाड्यात पहिला फेरीवाला शिरला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीचा विक्री अधिकारी गॅरी थर्क याने आपल्या नव्या यंत्रांच्या प्रात्यक्षिकांचे निमंत्रण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे ४०० जणांना एकाच वेळी धाडले. आर्पानेटच्या सदस्यांची छापील सूची असे. तीतून पत्ते उचलून हाताने टंकलेले होते. पत्ते इतके झाले की नेमून दिलेल्या जागेत मावेनात, आणि उरलेले मजकुरातच सांडले.

तक्रारी झाल्या, जाळ्याची देखरेख करणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याने समज दिली. थर्क मात्र पुढे अनेक वर्षे अभिमानाने सांगत असे, की त्या एका पत्राने कोट्यवधी डॉलरची यंत्रे विकली गेली. स्पॅम का थांबत नाही, याचे उत्तर त्या पहिल्याच पत्रात दडलेले आहे. पाठवणाऱ्याला खर्च जवळजवळ शून्य, आणि शंभरातील एक जरी गळाला लागला तरी नफा.

७/
पुढचा टप्पा १९८८. २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी रॉबर्ट टॅपन मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने एक छोटा प्रोग्राम जाळ्यात सोडला. आपला ठावठिकाणा लपावा म्हणून सोडला तो एमआयटीच्या संगणकावरून. प्रोग्राम यंत्रागणिक पुढे सरके आणि नव्या यंत्रात गेल्यावर विचारी, की माझी प्रत येथे आधीच आहे काय? 'होय' असे उत्तर मिळाले तर थांबायचे. परंतु चतुर व्यवस्थापक खोटेच 'होय' म्हणतील, या धास्तीने मॉरिसने अशी योजना केली की सातांतून एकदा उत्तर काहीही येवो, ठाण मांडायचेच.

८/
हे प्रमाण फार चढे ठरले. एकेका यंत्रात प्रतींवर प्रती साचत गेल्या आणि यंत्रे गुदमरून ठप्प झाली. त्या काळी प्रचलित झालेला अंदाज असा, की इंटरनेटवरील सुमारे ६०,००० संगणकांपैकी ६,००० बाधित झाले. हा आकडा ढोबळ आहे, हे येथेच नमूद करतो. घाबरलेल्या मॉरिसच्या मित्राने उपाय सांगणारा निनावी संदेश जाळ्यावर टाकला. पण जाळेच तुंबलेले असल्यामुळे तो वेळेवर कोणाच्या हाती पडला नाही. आगीची वर्दी देणारा निरोप्या त्याच आगीने अडवला!

९/
मॉरिसने वापरलेल्या वाटांपैकी एक आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची. ई-मेल वाहून नेणारा 'सेंडमेल' हा प्रोग्राम तेव्हा जवळपास सर्वत्र असे. त्यात दोष शोधण्याच्या सोयीसाठी विकासकांची एक खास अवस्था होती. त्या अवस्थेत दूरच्या यंत्राकडून आलेली आज्ञा सेंडमेल निमूटपणे पाळत असे. ही अवस्था कारागिरांसाठी होती, गिऱ्हाइकांसाठी नव्हे. तरीही अनेक यंत्रे ती चालू ठेवूनच विकली गेली होती. गवंड्याने कामाच्या सोयीसाठी ठेवलेले खिंडार बुजवण्याआधीच वास्तुशांत उरकावी, तसे झाले.

१०/
मॉरिसवर खटला चालला. १९९० मध्ये ३ वर्षे परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. त्याचे वडील अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत संगणक सुरक्षेचेच वरिष्ठ शास्त्रज्ञ होते, हा नियतीचा विनोद. मॉरिस स्वतः पुढे एमआयटीत प्राध्यापक झाला. खिंडार चालू ठेवून यंत्रे विकणाऱ्यांवर मात्र कोणताही खटला झाला नाही.

या घटनेतून एक चांगले काम झाले. त्याच नोव्हेंबरात पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकीय आणीबाणीला प्रतिसाद देणारे 'सर्ट' हे पथक स्थापन झाले. भारताचे 'सर्ट-इन' हे त्याच कल्पनेचे रूप. ते जानेवारी २००४ पासून कार्यरत आहे.

११/
सेंडमेलची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. ई-मेल वाहण्याचे नियम १९८२ मध्ये लिहिले गेले, तेव्हा परस्परसाहाय्य हा धर्म होता. कोणाचेही पत्र कोणाकडेही जायचे असो, वाटेतील यंत्राने ते पुढे पोहोचवावे. तार जोडणी भरवशाची नव्हती, तेव्हा ही रीत शहाणपणाचीच होती.

मग १२ एप्रिल १९९४ रोजी ॲरिझोनातील कँटर आणि सीगल या वकील दांपत्याने अमेरिकेच्या ग्रीन कार्ड सोडतीची जाहिरात युजनेटच्या ५,००० हून अधिक चर्चागटांत एकाच वेळी ओतली. लोक संतापले, या दोघांनी क्षमा मागण्याऐवजी अशा जाहिरातींतून श्रीमंत कसे व्हावे याचे पुस्तक लिहिले. 'स्पॅम' हा शब्द याच सुमारास सर्वतोमुखी झाला. मूळ शब्द डबाबंद मांसाच्या एका प्रकाराचा. मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळाच्या १९७० मधील प्रहसनात त्या नावाचा इतका गजर होतो की बाकीचे बोलणेच ऐकू येत नाही. उपमा नेमकी होती.

१२/
आता जाहिरातबाज मंडळींनी परस्परसाहाय्याच्या धर्माचा लाभ घेतला. आपले लाखो संदेश ते कोणा अनोळखी विद्यापीठाच्या टपालयंत्राच्या गळ्यात टाकून मोकळे होत. वाहतुकीचा खर्च त्या विद्यापीठाचा आणि शिव्याही त्यालाच. जागरूक व्यवस्थापक हे दार हाताने बंद करीत. पण सेंडमेलने परक्याचे टपाल पुढे न पाठवणे ही मूळचीच रीत केली ती १९९८ मध्ये, ८.९ या आवृत्तीपासून. पोस्टेल यांच्या टिपणाला तेव्हा २२ वर्षे होऊन गेली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात पोस्टेल वारले.

१३/
इथवर आपण जाळ्याबद्दल बोललो. पण १९८० च्या दशकातील बहुसंख्य घरगुती संगणकांना जाळे ठाऊकच नव्हते. तेथे रोग पसरे तो फ्लॉपीवरून, आणि या शाखेचा आद्य ग्रंथ लिहिला गेला आपल्या शेजारी, लाहोरमध्ये.

१९८६ साली बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी 'ब्रेन' हा व्हायरस लिहिला. आयबीएम पद्धतीच्या वैयक्तिक संगणकावरील हा पहिला व्हायरस मानला जातो. आपण लिहिलेल्या वैद्यकीय प्रोग्रामची चोरटी नक्कल होऊ नये, हा हेतू असल्याचे त्यांनी सांगितले. व्हायरसच्या पोटात त्यांनी स्वतःचे नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन क्रमांक लिहून ठेवला होता! 'लसीसाठी' संपर्क साधा, असे आवाहनही होते. गुन्हेगाराने घटनास्थळी आपले व्हिजिटिंग कार्ड ठेवण्याचा असा प्रसंग विरळाच.

१४/
ब्रेन पसरे कसा? त्या काळचा संगणक सुरू होताना सर्वप्रथम फ्लॉपीच्या खाचेत डोकावे. तेथे चकती असेल तर तिच्या पहिल्या कप्प्यातील आज्ञा, त्या काय आहेत हे न पाहता, अमलात आणी. आदल्या दिवशी एखादी फ्लॉपी खाचेत विसरली असेल, तर दुसऱ्या दिवशी संगणकाचा पहिला श्वासच रोगट. हाही निर्मात्यांनी ठरवलेलाच क्रम होता.

१५/
या कुळातील एक व्हायरस भारतीय आहे, आणि त्याचे नाव वाचून तुम्ही चमकाल. 'जोशी'. जून १९९० मध्ये तो भारतात आढळला. दरवर्षी ५ जानेवारीला तो जागा होई, संगणक अडवून धरी आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असे टंकण्यास सांगे. तेवढे शब्द टंकले की यंत्र मोकळे. कोण हे जोशी, त्यांचा वाढदिवस खरोखरच त्या दिवशी होता काय, यावर तर्क करण्याचा मोह मी आवरतो. एवढेच सांगतो, की भारताबाहेरील अनेक देशांत ज्यांनी 'जोशी' हे आडनाव कधी ऐकले नव्हते, अशा लोकांनी त्यांना शुभेच्छा दिलेल्या आहेत.

१६/
अशा रोगांवर औषधे शोधणारी माणसेही मोठ्या प्रयोगशाळांतच होती असे नाही. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले आणि पुढे त्यांनी दुरुस्तीचा स्वतःचा व्यवसाय थाटला. धाकटे बंधू संजय पुण्यातच संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरसने बिघडलेले संगणक वाढू लागले, तेव्हा संजय एकेका व्हायरसवर उतारा म्हणून छोटे प्रोग्राम लिहू लागले. त्या उताऱ्यांतून १९९० च्या दशकाच्या मध्यास 'क्विक हील' हे उत्पादन उभे राहिले. २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात नोंदवली गेली.

दुरुस्तीच्या टेबलाजवळ हा धंदा जन्मावा, हे स्वाभाविक होते. मोडलेले यंत्र घेऊन आलेला ग्राहक निर्मात्याच्या नव्हे, दुरुस्तीवाल्याच्या दारात उभा असतो.

१७/
मग अँटिव्हायरस आल्यावर प्रश्न सुटला काय? अमेरिकेतील संशोधक फ्रेड कोहेन यांनी १९८४ मधील निबंधात याचे उत्तर आधीच देऊन ठेवले होते. (प्रोग्रामच्या संदर्भात 'व्हायरस' ही संज्ञा रूढ करणारा तो हाच निबंध, शब्द सुचवला त्यांचे मार्गदर्शक लेनर्ड ॲडलमन यांनी.) कोहेन यांनी तर्काने सिद्ध केले, की कोणताही प्रोग्राम व्हायरस आहे की नाही हे प्रत्येक वेळी अचूक सांगेल अशी पद्धत असूच शकत नाही. शंभर टक्के संरक्षणाची हमी देणाऱ्या वेष्टनांची छपाई त्यानंतरही थांबली नाही, हे निराळे.

अँटिव्हायरस मुख्यतः आधी सापडलेल्या रोगांच्या खुणा जपून ठेवतो आणि त्यांच्याशी ताडून पाहतो. नवा रोग आला की कोणीतरी आधी आजारी पडावे लागते. म्हणूनच दार मुळात बंद असण्याचे महत्त्व अधिक.

१८/
१९९५ मध्ये आणखी एक दार उघडले. मायक्रोसॉफ्ट वर्डच्या दस्तऐवजात 'मॅक्रो', म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, दडवता येत. कचेरीतील पुनरावृत्तीची कामे वाचावीत हा त्यामागील स्तुत्य हेतू. पण त्यामुळे साधे पत्र आणि प्रोग्राम यांतील भेदच पुसला गेला. त्याच वर्षी 'कन्सेप्ट' या व्हायरसने ही वाट दाखवून दिली. २६ मार्च १९९९ रोजी 'मेलिसा' त्याच वाटेने आला. दस्तऐवज उघडताच तो तुमच्या पत्तेवहीतील पहिल्या ५० जणांना तुमच्याच नावाने स्वतःची प्रत धाडी. पत्र ओळखीच्या माणसाकडून आलेले असे, त्यामुळे शंका येण्याचे कारणच नसे.

१९/
आणि मग ४ मे २०००. मनिलाहून निघालेले 'आय लव्ह यू' या विषयाचे पत्र काही तासांत आशिया, युरोप, अमेरिका असा सूर्याच्या मागोमाग प्रवास करत गेले. जेथे कचेऱ्या उघडल्या, तेथे ते फुटले. ब्रिटिश संसदेला आपली ई-मेल सेवा बंद ठेवावी लागली. सोबतची फाइल उघडली की ती पत्तेवहीतील प्रत्येकाला पत्र पाठवी आणि संगणकातील छायाचित्रांच्या फाइलींवर स्वतःची प्रत उमटवून त्या नष्ट करी. ज्यांची घरची छायाचित्रे तेवढ्याच एका जागी होती, त्यांची ती कायमची गेली.

२०/
या प्रकरणावर त्या वेळी आणि आजही एकच टीका ऐकू येते : माणसे प्रेमाला भुलली, मूर्ख ठरली. मला हे अन्यायाचे वाटते. फाइलीचे नाव नीट पाहा. 'लव्ह लेटर फॉर यू', त्यापुढे 'टीएक्सटी', आणि त्यापुढे 'व्हीबीएस'. टीएक्सटी म्हणजे साधा, निरुपद्रवी मजकूर. व्हीबीएस म्हणजे चालणारा प्रोग्राम. खरा प्रकार सांगते ते शेवटचे शेपूट. पण विंडोज ओळखीच्या प्रकारांची शेपटे मुळातच लपवून ठेवत असे, पडदा सुटसुटीत दिसावा म्हणून. वाचणाऱ्याला दिसले ते फक्त 'टीएक्सटी'. ज्याने नाव वाचून खबरदारी घेतली, तोही फसला. यात मूर्ख कोण?

२१/
लेखक सापडला. ओनेल द गुझमान, मनिलातील विद्यार्थी. पण फिलिपिन्समध्ये असे कृत्य गुन्हा ठरवणारा कायदाच तेव्हा नव्हता. जून २००० मध्ये तो घाईने संमत झाला, परंतु मागील तारखेने लागू करता येईना आणि आरोप मागे घेतले गेले. भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदाही त्याच वर्षी ऑक्टोबरात अमलात आला, आणि त्यात दुसऱ्याच्या संगणकात व्हायरस शिरवण्याबद्दल भरपाईची तरतूद होती.

२२/
या सुमारास वेबवर वेगळाच उपद्रव सुरू होता. एक पान उघडावे तर तीन जाहिराती उसळाव्यात. एक मिटवावी तर दुसरी उगवावी. पॉप-अप. त्याचा उगम विचित्र आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रायपॉड या संकेतस्थळावर कोणीही आपले पान फुकट उघडू शकत असे. तेथील एका अश्लील पानावर एका मोटार कंपनीची जाहिरात झळकली आणि कंपनी खवळली. तोडगा म्हणून एथन झुकरमन या प्रोग्रामरने जाहिरात पानावर न ठेवता वेगळ्या खिडकीत उघडणारी आज्ञा लिहिली. म्हणजे जाहिरातदाराचा त्या पानाशी संबंध दिसायला नको. २०१४ मध्ये 'द अटलांटिक' मासिकात लेख लिहून झुकरमन यांनी याबद्दल क्षमा मागितली. आमचे हेतू चांगले होते, असे त्यांचे म्हणणे.

२३/
येथेही दार ब्राउझरचेच होते. कोणत्याही परक्या पानाने, तुम्हाला न विचारता, तुमच्या पडद्यावर हव्या तितक्या खिडक्या उघडाव्यात, ही मुभा ब्राउझरनेच दिलेली. ऑपेरा, मोझिला यांनी ती आधी काढून घेतली. सर्वाधिक वापरातील इंटरनेट एक्सप्लोररने मात्र २००४ पर्यंत वाट पाहिली.

तोवर पॉप-अप केवळ त्रास राहिला नव्हता. 'तुमच्या संगणकात व्हायरस सापडले आहेत, येथे टिचकी मारा' अशा खोट्या इशाऱ्यांचा धंदा उभा राहिला. भीती दाखवून निरुपयोगी अँटिव्हायरस विकायचा. अशाच एका टोळीच्या प्रकरणात अमेरिकी न्यायालयाने २०१२ मध्ये १६ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक रकमेचा निवाडा दिला. संरक्षणाच्या नावानेच लूट, हा प्रकार इतिहासाच्या वाचकांना नवा नसावा. पेंढाऱ्यांच्या काळातील गावांनाही तो परिचित होता.

२४/
आता सुरुवातीच्या त्या चौकटीकडे परतू. २००१ मध्ये 'कोड रेड' आणि 'निमडा' या वर्म्सनी मायक्रोसॉफ्टची नाचक्की केली. १५ जानेवारी २००२ रोजी बिल गेट्स यांनी कर्मचाऱ्यांना प्रसिद्ध पत्र लिहिले : नवी वैशिष्ट्ये आणि सुरक्षा यांत निवड करायची वेळ आली तर सुरक्षा निवडा. तरीही पुढच्याच वर्षी ब्लास्टर आला. त्याच्या पोटात गेट्स यांना उद्देशून खोचक मजकूर होता : पैसे कमावणे थांबवा आणि आधी तुमचे सॉफ्टवेअर दुरुस्त करा!

२५/
निर्मात्यांची बाजूही ऐकायला हवी. ब्लास्टरच्या वाटेवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १६ जुलै २००३ लाच, म्हणजे जवळपास चार आठवडे आधी, प्रसिद्ध केली होती. असंख्य लोकांनी ती बसवली नाही. आपल्याकडे तर चोरट्या प्रतीचे बिंग फुटेल या भयाने अनेक जण अद्ययावतीकरणच बंद करून ठेवत. शिवाय दारे बंद केली की जुने प्रोग्राम अडतात आणि ग्राहक त्यालाच बिघाड समजतो. हे सर्व खरे. पण भिंत बांधून ती बंद ठेवण्याचे समर्थन यातून होत नाही.

२६/
ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीची 'सर्व्हिस पॅक २' ही आवृत्ती आली. फायरवॉल मुळातच चालू. पॉप-अप अडवणारी सोयही मुळातच चालू. अद्ययावतीकरण आपोआप व्हावे असा आग्रह. यांपैकी कोणतीही कल्पना नवी नव्हती. फक्त खुंटीची दिशा बदलली. काही जुने प्रोग्राम खरोखरच अडले, काही कंपन्यांनी ही आवृत्ती बसवणे लांबवले. पण ज्या घरात ती बसली, तेथे इंटरनेट जोडताच साठ सेकंदांची मोजणी सुरू होण्याचे प्रसंग थांबले.

२७/
स्पॅमच्या आघाडीवर मदत आली अठराव्या शतकातून. थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचा संभाव्यतेवरील निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये, वाचला गेला. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरने तेच गणित टपालाला लावणारा लेख लिहिला आणि ते लोकप्रिय केले. स्पॅम कसा असतो याचे नियम माणसाने रचू नयेत. चांगल्या आणि वाईट पत्रांचे ढीग यंत्राला द्यावेत आणि कोणता शब्द कोणत्या ढिगात किती वेळा येतो ते यंत्रानेच मोजावे. ग्रॅहमला आढळले, की पत्रातील अक्षरे भडक तांबडी करणारा रंगाचा संकेतांकही अश्लील शब्दांइतकीच खात्रीची खूण ठरतो. कोणत्याही माणसाला हा नियम सुचला नसता.

२८/
थोडे स्वतःबद्दल. महाविद्यालयात असताना प्रकल्पाच्या प्रती काढण्यासाठी आम्ही जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह घेऊन जात असू. परत आल्यावर त्यात 'न्यू फोल्डर' नावाचे एक पिवळे पाकीट असे, जे आम्ही ठेवलेले नसे. शेवटी 'ईएक्सई' हे शेपूट, अर्थात लपवलेले. माझ्या एका मैत्रिणीचा अहवाल सादरीकरणाच्या आदल्या रात्री असाच गेला. शिक्षक म्हणाले, 'काळजी घ्यायला हवी होती.' दुकानदाराला शिव्या दिल्या, तिला दोष दिला. पेन ड्राइव्ह खोचताच त्यातील प्रोग्राम चालवावा हे कोणी ठरवले, असे आम्हां कोणालाच विचारावेसे वाटले नाही.

२९/
ते ठरले होते विंडोज ९५ च्या काळी, सीडी घातली की ती आपोआप सुरू व्हावी म्हणून. २००८ च्या अखेरीस आलेल्या 'कॉन्फिकर' वर्मनेही या सोयीचा यथेच्छ उपयोग केला. पेन ड्राइव्हसाठी ही सोय बंद करणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या विंडोजवरही सर्वत्र पाठवली. काही महिन्यांतच अशा संसर्गांचे प्रमाण लक्षणीय घटल्याचे कंपनीनेच जाहीर केले. वापरणारी माणसे तीच होती आणि त्यांच्या सवयीही त्याच.

३०/
राहता राहिले मॅक्रो. मेलिसानंतर वर्डमध्ये इशारे आले, निर्बंध आले. पुढे रूढ झालेल्या रचनेत इशाऱ्याच्या शेजारीच परवानगीचे बटण असे, आणि भामटे पत्रातच लिहीत, 'मजकूर दिसण्यासाठी ते बटण दाबा.' इंटरनेटवरून आलेल्या दस्तऐवजांतील मॅक्रो मुळातच अडवण्याचा, ते बटणच काढून घेण्याचा निर्णय मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर केला. जुलैच्या आरंभी ग्राहकांच्या तक्रारींमुळे तो स्थगित झाला. त्याच महिन्यात पुन्हा लागू झाला. मेलिसा पसरला त्या आठवड्यात जन्मलेली मुले तोवर पदवीधर होऊन नोकरीला लागली होती.